लहान कण, लहान गाठ

(भंडारा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी विज्ञान मराठीतून शिकवत. विषय कितीही अवघड असला तरी शेवटच्या बाकावरच्या मुलाला तो कळलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. आजचा विषय आहे कर्करोगाचे निदान आणि उपचार यांतले नॅनोकण. तो लाखांदूरहून आलेल्या आशाताईंना आणि तुमसरच्या बारावीच्या विद्यार्थ्यालाही कळावा, असा माझा प्रयत्न राहील.

या विषयावरच्या बातम्या बहुधा चमत्काराच्या थाटात येतात. सोन्याचा कण गाठीत शिरला, गाठ विरघळली आणि उंदीर बरा झाला. त्या वाचून घरात रुग्ण असलेल्या माणसाच्या मनात आशा जागते आणि पुढे काहीच हाती लागत नाही. म्हणून माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. नॅनोकण खरे आहेत, उपयोगाचे आहेत आणि त्यांतले काही आजही रुग्णालयांत रोज वापरले जातात. पण आपल्या भागातला जो सर्वांत मोठा कर्करोग, तोंडाचा, त्यात या कणांचा सर्वांत चांगला उपयोग गाठ लहान असताना होतो. गाठ लहान असताना ती सापडणे हे प्रयोगशाळेच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे.

आधी मापे पाहू. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी ढोबळमानाने ८० हजार नॅनोमीटर असते आणि रक्तातल्या तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ हजार. औषधासाठी वापरतात ते कण साधारण १० ते २०० नॅनोमीटरचे. एवढ्या लहान आकारात पदार्थाचे गुण बदलतात. सोने पिवळे राहत नाही. कणाच्या आकारानुसार ते लाल किंवा जांभळे दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली लंडनमध्ये सोन्याचे असे लाल द्रावण दाखवले होते. लोखंडाच्या ऑक्साइडचे कण पुरेसे लहान केले की बाहेरचे चुंबकीय क्षेत्र असेपर्यंतच ते चुंबकासारखे वागतात. क्षेत्र काढले की तो गुणही जातो, त्यामुळे ते एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. औषधाला हे वर्तन फार सोयीचे पडते.

हे सगळे परके वाटत असेल तर २०२१ चा उन्हाळा आठवा. कोविडच्या दुसऱ्या लाटेमागोमाग म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आला आणि विदर्भातल्या घराघरांत ‘लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन’ हे नाव पोहोचले. एकेका कुपीसाठी नातेवाईक नागपूरभर फिरले. अॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचे जुने, जालीम औषध आहे आणि त्याने मूत्रपिंडांना इजा होते. तेच औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत, म्हणजे लायपोसोममध्ये, बसवले की इजा बरीच कमी होते. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्याने अॅम्फोटेरिसिनचे इंजेक्शन तयार करायला घेतले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी तर याच औषधाच्या भारतीय लायपोसोमवर त्याआधी कित्येक वर्षे काम केले होते. म्हणजे नॅनोऔषध आपल्या दारात येऊन गेले आहे. फक्त त्या नावाने आपण त्याला ओळखले नाही.

कर्करोगातही पहिले यश याच मार्गाने मिळाले. डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीतले प्रभावी औषध, पण ते हृदयाच्या स्नायूला घातक ठरते. त्याच्या साधारण ८० ते १०० नॅनोमीटरच्या लायपोसोममध्ये भरलेल्या रूपाला ‘डॉक्सिल’ नावाने १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. हृदयावरचा भार कमी झाला. तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास मात्र नव्याने मागे लागला. पुढे २०१२ साली अमेरिकेत या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने आपल्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ तात्पुरते आयात करायला परवानगी दिली. हे औषध आपल्याकडच्या कारखान्यांना उत्तम जमते, हे तेव्हा जगाने पाहिले.

मग सगळ्याच गाठींवर असे कण का चालत नाहीत? १९८६ साली जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवले होते की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या आणि गळक्या असतात, त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपून साठतात. यावर तीस वर्षे संशोधनाचा डोलारा उभा राहिला. २०१६ साली कॅनडातल्या टोरांटोच्या एका गटाने आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा हिशेब मांडला. शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचा मध्यक होता ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही! बाकीचे कुठे जातात? बहुतेक यकृतात आणि प्लीहेत. रक्तातली परकी वस्तू उचलून खाणाऱ्या पेशी तिथे बसलेल्या असतात आणि त्या आपले काम चोख करतात. म्हणजे शिरेतून दिलेला कण गाठीला शोधत जातो असे कुणी सांगितले, तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

इथे आपल्या भागाचा प्रश्न वेगळा होतो. यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग पोटात खोल लपलेला असतो, तिथे कण बहुधा शिरेतूनच पाठवावे लागतात. तोंडाचा कर्करोग डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो आणि सुईच्या टप्प्यात असतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होतात. त्यांत विदर्भाचा वाटा कशामुळे आहे ते मी सांगायला नको. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा इथे प्रत्येक चौकात मिळतो. तंबाखूचे सर्वांना ठाऊक आहे, पण सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच दिला आहे. सुपारीने गालाच्या आतला मऊ पडदा हळूहळू ताठ होतो. आधी भाजीतले तिखट सोसवेनासे होते, मग तोंड पुरते उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तो इशारा समजावा.

गाठ दिसते हे खरे. पण या रोगाचा न दिसणारा एक भाग असतो आणि तो असतो मानेत. जिभेची किंवा गालाची गाठ लहान आहे, मान चाचपली तर हाताला काही लागत नाही, तरीही मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये रोगाच्या पेशी गेलेल्या असू शकतात. मग मान आधीच उघडून ग्रंथी काढाव्यात की वाट पाहावी? हा वाद जगभर अनेक दशके चालला. त्याचे उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने दिले. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून रुग्णांचे दोन गट करून हा प्रश्न तपासला आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधीच मान साफ केलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते आणि वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. जगातल्या शल्यचिकित्सकांनी आपली पद्धत या मुंबईच्या अभ्यासावरून ठरवली. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे हे काम आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. ज्यांची मान आधीच उघडली, त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्क्यांच्या ग्रंथींत रोग सापडला. उरलेल्या ७० टक्क्यांच्या ग्रंथी स्वच्छ होत्या. म्हणजे दहांतल्या सात जणांनी मानेची शस्त्रक्रिया सोसली ती केवळ खात्रीसाठी. या शस्त्रक्रियेत खांदा उचलणारी चेता ताणली किंवा दुखावली जाऊ शकते. कचेरीत बसणाऱ्याचे त्यावाचून निभेल. डोक्यावर धानाचे भारे वाहणाऱ्या बाईचा हात खांद्याच्या वर जात नसेल, तर तिचा हंगाम बुडतो. त्या सात जणांना आधीच ओळखता येईल का?

येते, आणि तिथे नॅनोकण कामाला येतात. आपल्या बांध्यांमध्ये पाणी एका बांधीतून दुसरीत उतरते तेव्हा गाळ आधी पहिल्या बांधीत बसतो. तसेच गाठीकडून निघालेल्या लसिकेचे आहे. रोगाच्या पेशी बहुधा आधी पहिल्या ग्रंथीत अडकतात. तिला ‘सेंटिनल नोड’ म्हणतात. ती ग्रंथी नेमकी सापडली आणि स्वच्छ निघाली, तर बाकीची मान सोडून देता येते. पण मानेत ग्रंथी शेकड्याने असतात, त्यांतली पहिली ओळखायची कशी? टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी मूलद्रव्याने खूण केलेले कण गाठीच्या कडेने दोन-चार ठिकाणी टोचतात. इथे कणाचे माप हेच सारे काही आहे. अगदी काही नॅनोमीटरचे कण थेट रक्तकेशिकांत शिरून अंगभर पसरतात. काही शे नॅनोमीटरचे कण टोचल्या जागीच रेंगाळतात. त्यांच्या मधले, शंभराच्या आतले कण लसिकावाहिनीत शिरतात, वाहत पहिल्या ग्रंथीत येतात आणि तिथल्या पेशी त्यांना धरून ठेवतात. गॅमा कॅमेऱ्यावर मानेच्या चित्रात एक ठिपका उजळतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पेनाएवढा गॅमा प्रोब मानेवरून फिरवला की त्या ठिपक्यावर त्याचा आवाज दाट होत जातो. तिथे लहानसा छेद देऊन ग्रंथी काढतात आणि तिचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. फ्रान्सने २०२० साली आणि जपानने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत ही पद्धत पूर्ण मान साफ करण्याच्या तोडीची ठरली आणि खांद्याचा त्रास कमी झाला.

नॅनोकणांनी कर्करोगाचे चित्र घेणे म्हणतात ते हेच. यात सोन्याचा झगमगाट नाही. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे, त्यामुळे तपासणी उरकली की किरणोत्सारही ओसरतो. त्यासाठी लागणारे संच आपल्या अणुऊर्जा विभागाची ब्रिट ही संस्था नवी मुंबईत तयार करते. अडचण आहे ती न्यूक्लिअर मेडिसिन विभागाची. तो मोठ्या शहरांतच असतो. म्हणून परदेशांत लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय कण वापरून हेच काम करायला सुरुवात झाली आहे; स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला २०१८ साली मान्यताही मिळाली. त्याला किरणोत्सार लागत नाही आणि ते तासांत विरून जात नाही. लहान शहरांतल्या रुग्णालयांच्या दृष्टीने ही वाट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या संशोधकांनी तोंडाच्या कर्करोगासाठी ती कसून तपासावी आणि स्वस्त करावी.

पण एक अट आहे. ही सारी पद्धत लहान गाठीसाठी आहे, मान चाचपून मोकळी लागते तेव्हासाठी. गाठ जबड्याच्या हाडात उतरली, गालाला भोक पडले, मानेत सुपारीएवढा गोळा हाताला लागू लागला, की पहिली ग्रंथी शोधण्यात अर्थ उरत नाही. आपले बहुतेक रुग्ण नेमके अशाच वेळी नागपूरची वाट धरतात.

आता उपचारांकडे वळू. गाठ सुईच्या टप्प्यात असेल, तर कण शिरेतून पाठवायचे कशाला? थेट गाठीत टोचावेत. ०.७ टक्क्यांचे कोडे तिथेच सुटते. फ्रान्समध्ये हाफ्नियम ऑक्साइडचे सुमारे ५० नॅनोमीटरचे कण असे टोचून मग रेडिओथेरपी देण्याची पद्धत तयार झाली. हाफ्नियम जड मूलद्रव्य आहे. क्ष-किरण त्याच्यावर आदळले की भोवती इलेक्ट्रॉनांचा मारा वाढतो आणि तेवढ्याच किरणांत गाठीला जास्त मार बसतो. हातापायांच्या सार्कोमा या कर्करोगात याची चाचणी झाली. ज्यांची गाठ उपचारानंतर जवळजवळ पूर्ण मेलेली आढळली, अशांचे प्रमाण नुसत्या रेडिओथेरपीत सुमारे ८ टक्के होते, ते कणांसह १६ टक्के झाले. २०१९ साली युरोपने त्याला मान्यता दिली. डोके आणि मानेच्या कर्करोगातही त्याच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत.

दुसरा मार्ग उष्णतेचा. ठरावीक आकाराचे सोन्याचे कण अवरक्त प्रकाश शोषून तापतात आणि आजूबाजूच्या पेशी मरतात. २००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे पातळ त्रिकोणी कण बनवून दाखवले. ते असाच प्रकाश शोषतात. परसातल्या गवताने जे काम साधले त्याची दखल जगातल्या अव्वल नियतकालिकाने घेतली. अमेरिकेत सोन्याचे कवच असलेल्या कणांची प्रोस्टेटच्या कर्करोगावर १६ रुग्णांत पहिली चाचणी झाली आणि २०१९ साली तिचे निष्कर्ष आले. १६ हा आकडा लक्षात ठेवा. वाट आशेची आहे, पण अजून चाचणीच्याच टप्प्यात आहे.

आता आपल्या मातीकडे येतो. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी तुम्हाला ठाऊक आहेत. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या कोरड्या सेलसाठी नावाजलेले आहे. गेल्या दशकात याच संयुगाचे नॅनोकण कर्करोगाच्या प्रयोगशाळांत पोहोचले. कारण असे की गाठीच्या गाभ्यात प्राणवायू कमी असतो. प्राणवायू नसलेल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट किरण लागतात. मात्र गाठीत आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त असते. मँगनीज डायऑक्साइडचा कण तिथे गेला की या दोघांशी त्याची अभिक्रिया होते, प्राणवायू सुटतो आणि कण विरघळून मँगनीजचे आयन मोकळे होतात. हे आयन एमआरआयमध्ये उजळ दिसतात. म्हणजे एकच कण गाठ दाखवतोही आणि तिला रेडिओथेरपीपुढे कमजोरही करतो. हे काम अजून मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांत आहे. शिवाय मँगनीज अंगात जास्त झाले तर मेंदूवर परिणाम होऊन कंपवातासारखी लक्षणे येतात, हे खाणकामाच्या जगाला जुने ठाऊक आहे. खाणीतला दगड औषध नव्हे, हे मी मुद्दाम बजावून सांगतो.

दुसरी आपली वस्तू कोशाची. टसरच्या कोशातल्या फायब्रोइन या प्रथिनाचे नॅनोकण खरगपूरच्या आयआयटीत डॉ. सुभाष कुंडू यांच्या गटाने बनवले. या प्रथिनाला पेशी चांगल्या चिकटतात आणि ते शरीरात हळूहळू विरघळते, म्हणून औषध वाहून नेण्यासाठी ते अभ्यासले जाते. मोहाडी-आंधळगावच्या विणकरांच्या हातातला धागा आणि कर्करोगाचे औषध यांच्यामध्ये रसायनशास्त्राच्या काही पायऱ्या आहेत. त्या चढायला आपल्या जिल्ह्यातले विद्यार्थी का नसावेत? या सभागृहात विज्ञान शाखेची मुले आहेत, त्यांना मी हे आवर्जून विचारतो.

या ज्ञानाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘नॅनो’ हा शब्द बाटलीवर छापून कर्करोग बरा करण्याचा दावा करणारे लोक आहेत. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ साली नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कणाचे माप, तो शरीरात कुठे साठतो, किती दिवस राहतो, बाहेर कसा पडतो, हे सगळे सिद्ध करावे लागते. कुणी असे औषध घेऊन दारात आला तर चार प्रश्न विचारा: कण कोणता, चाचणी किती माणसांवर झाली, मान्यता कुणाची आहे आणि यकृतावर काय परिणाम होतो? उत्तर मिळत नसेल तर शेताचा तुकडा विकू नका. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. तिकडे जा.

आणि वेळेवर जा. केरळमध्ये गावागावांत प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. साधन होते उजेड आणि शिकवलेले डोळे. आपल्याकडेही तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंडतपासणी हा सरकारी कार्यक्रमाचा भाग आहे. तो कागदावर राहणार की पडवीत उतरणार, हे ग्रामसभा, शाळा, खाणी आणि आपण सगळे मिळून ठरवणार आहोत. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गालातला पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट न सोसणे, तीन बोटे न जाणे, एवढी लक्षणे प्रत्येक घरात पाठ असावीत.

माझ्या तीन मागण्या आहेत. जिल्ह्यातल्या प्रत्येक उपकेंद्रात ठरलेल्या दिवशी तोंडतपासणी व्हावी आणि संशयित रुग्ण नागपूरला पोहोचेपर्यंत त्याचा पाठपुरावा नाव घेऊन व्हावा. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयांनी लहान गाठीच्या रुग्णांसाठी पहिल्या ग्रंथीची तपासणी नेहमीची करावी, म्हणजे कष्टकऱ्यांचे खांदे वाचतील. आणि विदर्भातल्या विद्यापीठांनी तोंडाच्या गाठीत थेट टोचता येतील अशा स्वस्त, सुरक्षित कणांवर काम हाती घ्यावे. हा रोग आपल्याकडे एवढा असताना त्यावरचा प्रश्न पॅरिसने आणि टोरांटोने विचारायची वाट आपण का पाहावी?

गुरुजींच्या विद्यार्थ्यांनी यातली पहिली मागणी पुढच्या महिन्यापासून आपापल्या गावात अमलात आणायला घ्यावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे. दुसरी आणि तिसरी रेटून धरायला मी तुमच्याबरोबर उभा राहीन.